स्ट्रोकनंतर मेंदूतल्या आरएनएच्या बांगड्या

मेसेंजर आरएनए, म्हणजे प्रथिनाची कृती वाहून नेणारी जीनची नक्कल, ही दोन टोकांची दोरी. सर्क्युलर आरएनए म्हणजे बांगडी. जीनची नक्कल तयार झाल्यावर स्प्लायसिंगची, म्हणजे नकलेतले कामाचे तुकडे (एक्झॉन) कापून जोडणारी, यंत्रणा कधीकधी पुढच्या एक्झॉनचं शेपूट मागच्या एक्झॉनच्या तोंडाला जोडते आणि बिनटोकाचं वर्तुळ तयार होतं. यालाच बॅक-स्प्लायसिंग म्हणतात. टोकापासून कुरतडत जाणाऱ्या एन्झाइमांना इथे सुरुवात करायला टोकच सापडत नाही, म्हणून या बांगड्या पेशीत दीर्घकाळ टिकतात. मेंदूत त्या भरपूर असतात, विशेषतः सिनॅप्सजवळ, म्हणजे न्यूरॉन (चेतापेशी) एकमेकांना भेटतात तिथे.

स्ट्रोकमध्ये त्यांचं काय होतं? विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या रघु वेमुगंटी यांच्या गटाने २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूची मधली धमनी एक तास बंद ठेवली, मग रक्तप्रवाह सोडला आणि ६, १२ व २४ तासांनी तपासणी केली. सापडलेल्या १,३२० बांगड्यांपैकी २८३ कुठल्या ना कुठल्या वेळी बदललेल्या होत्या, तिन्ही वेळी बदललेल्या फक्त १६. म्हणजे नमुना किती वाजता घेतला यावर जवळजवळ सगळं उत्तर ठरतं. वेगवेगळ्या तासांचे निकाल शेजारी ठेवून 'जुळत नाहीत' म्हणण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त तपासली गेलेली बांगडी म्हणजे सीडीआर१एएस. तिच्यावर मिर-७ या मायक्रोआरएनएला (मेसेंजर आरएनएला दाबून ठेवणारा छोटा आरएनए) बसायला सत्तरहून जास्त जागा आहेत. २०१३ मध्ये तिला 'स्पंज' म्हटलं गेलं, म्हणजे मिर-७ शोषून त्याचं काम थांबवणारी. पण २०१७ मध्ये ही बांगडीच काढून टाकलेल्या उंदरांत मिर-७ वाढायच्या ऐवजी कमी झाला. म्हणजे ती मिर-७ ला सांभाळतही होती. स्ट्रोकच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण इस्केमियानंतर, म्हणजे रक्तपुरवठा तुटल्यावर, सीडीआर१एएस घटते, मिर-७ घटतो आणि त्याने दाबून ठेवलेलं अल्फा-सिन्यूक्लिइन हे प्रथिन वर येतं. निव्वळ स्पंजच्या हिशेबाने ही साखळी उलटी लागते.

म्हणूनच 'अमुक बांगडी तमुक मायक्रोआरएनए शोषते' या ठरावीक मांडणीवर माझा पटकन विश्वास बसत नाही. बहुतेक बांगड्यांवर अशा एकदोनच जागा असतात आणि पेशीत त्यांच्या प्रतीही मोजक्या. मायक्रोआरएनएच्या प्रती शेकड्यांनी असतील, तर मूठभर बांगड्या किती शोषणार? दोन्हींच्या प्रती पेशीमागे मोजल्याशिवाय हा दावा करू नये.

दुसरी चूक याहून साधी, पण जास्त महागात पडणारी. सीडीआर१एएस प्रामुख्याने न्यूरॉनमध्ये असते. २४ तासांनी मेलेल्या भागात न्यूरॉन उरत नाहीत, मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) चेतलेल्या असतात, रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आत आलेल्या असतात. तो तुकडा जसाच्या तसा वाटून आरएनए काढला की न्यूरॉनची प्रत्येक बांगडी 'घटलेली' दिसणारच. ती नियंत्रणाने घटली की पेशींबरोबर गेली, हे कळायला न्यूरॉनचे इतर आरएनए सोबत मोजावे लागतात, किंवा बांगडीच्या सांध्यावर, म्हणजे शेपूट आणि तोंड जुळतं तिथे, बसणारा प्रोब (खुणेचा तुकडा) वापरून ऊतींच्या कापावरच ती पाहावी लागते.

आता बांगडी खरी आहे का ते पाहू. पॉली-ए शेपटीवरून (सरळ दोरीच्या टोकाला असणारी 'ए' अक्षरांची माळ) आरएनए गोळा केला तर बांगड्या आधीच निसटतात, म्हणून सिक्वेन्सिंगसाठी रायबोसोमल आरएनए काढून टाकलेला नमुना लागतो आणि सीडीएनए (आरएनएवरून केलेली डीएनए नक्कल) बनवताना रँडम हेक्झामर, म्हणजे कुठेही बसू शकणारे सहा अक्षरी तुकडे. पीसीआरसाठी एकमेकांकडे पाठ केलेले प्रायमर (नक्कल सुरू करून देणारे छोटे तुकडे) घ्यायचे: सरळ दोरीवर ते काही देत नाहीत, बांगडीवर देतात. हेच प्रायमर जीनोमिक डीएनएवरही चालवून बघा, तिथे पट्टा यायला नको. पण रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे सीडीएनए बनवणारा एन्झाइम, एका साच्यावरून दुसऱ्यावर उडी मारून खोटा सांधा तयार करू शकतो, त्यामुळे सांध्याची अक्षरं वाचणाऱ्या सँगर सिक्वेन्सिंगबरोबर आरनेज आर या सरळ दोऱ्या खाणाऱ्या एन्झाइमची परीक्षाही हवी. एका मायक्रोग्रॅम आरएनएला साधारण ३ युनिट, ३७ अंशांवर १५ मिनिटं. सरळ दोऱ्या संपतात, बांगडी उरते. यानंतर सीडीएनएसाठी प्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या नळीतून सारखं आकारमान घ्या, सारखं वजन नव्हे. सारखं वजन घेतलं की उरलेली बांगडी फुगून दिसते. तुलनेसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या जीएपीडीएच जीनच्या सरळ आरएनएने भागायचंही नाही, कारण ते एन्झाइमने आधीच खाल्लेलं असतं. घट्ट घड्यांच्या काही सरळ दोऱ्याही या एन्झाइमला दाद देत नाहीत; बफरमध्ये पोटॅशियमऐवजी लिथियम वापरल्याने बराच फरक पडतो.

उपचाराच्या दृष्टीने मला सर्कएससीएमएच१ ही बांगडी सर्वांत आशादायक वाटते. नानजिंगच्या साउथईस्ट विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की स्ट्रोकच्या रुग्णांच्या प्लाझ्मात ती कमी असते. त्यांनी ती बाह्यपेशीय पुटिकांत (पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्यांत) भरली, पुटिकांवर रेबीज विषाणूच्या प्रथिनाचा न्यूरॉनकडे नेणारा तुकडा लावला आणि शिरेतून दिली, तीही स्ट्रोकला २४ तास उलटल्यावर. उंदीर आणि माकडं दोघांतही हालचाल सुधारली. इथे स्पंजची गोष्टच नाही: ही बांगडी एमईसीपी२ या प्रथिनाला धरते आणि त्याने दाबलेली जीन मोकळी होतात. याउलट विषाणूवाहकातून दिलेली बांगडी तयार व्हायला आठवडे लागतात, म्हणून ती स्ट्रोकच्या आधीच द्यावी लागते. खाटेवरच्या रुग्णाला त्याचा काय उपयोग? २४ तासांची मुभा त्यामुळे मोलाची.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. हे काम फोटोथ्रॉम्बोसिसवर झालं, म्हणजे रोझ बेंगाल रंग आणि प्रकाशाने गोठवलेली छोटी रक्तवाहिनी. तिथे रक्तप्रवाह परतत नाही आणि वाचवण्याजोगा काठही अरुंद असतो. धमनीत सिलिकॉन लावलेला धागा घालून काढण्याच्या प्रयोगात दोन्ही गोष्टी असतात, पण त्यात लेझर डॉप्लर या रक्तप्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर प्रवाह पुरेसा उतरला का हे पाहावं लागतं आणि उंदराचं तापमान ३७ अंशांवर ठेवावं लागतं. उंदीर थंड पडला की इजा आपोआप लहान होते आणि औषध लागू पडल्यासारखं वाटतं.

रक्ततपासणीसाठी नमुना घेणार असाल तर ईडीटीएची नळी घ्या, हेपॅरिनची नको (दोन्ही रक्त गोठू न देणारी द्रव्यं), हेपॅरिन पीसीआर अडवतं. प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करा. प्लेटलेटना केंद्रक नसतो, त्यांच्यातल्या सरळ दोऱ्या लवकर झिजतात आणि बांगड्या साचून राहतात. थोड्या प्लेटलेट जरी मागे राहिल्या तरी मेंदूचा म्हणून वाचलेला आकडा प्लेटलेटचाच निघतो.