शिंग, पाकतोंग आणि अफू

आजचा दिवस जुन्या चिनी डब्यांत गेला. विकणारे प्रत्येक चिमुकल्या डबीला 'अफूची' म्हणतात. आतल्या कडेला लाल तेलकट डाग दिसला तर ती बहुधा शिक्क्याच्या शाईची! ओढायची अफू म्हणजे उकळून, गाळून काकवीइतका दाट केलेला चंडू. म्हणून झाकण घट्ट आणि आतली बाजू गुळगुळीत हवी. युन्नान या चिनी प्रांतातल्या डब्या बऱ्याचदा पाकतोंगच्या, म्हणजे तांबं, निकेल, जस्त. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. झिजलेल्या कडा पिवळ्या दिसल्या तर पितळेवर मुलामा. म्हशीच्या शिंगाची डबी गरम पाण्यात बुडवू नका, मऊ पडून वाकते. आणि पॉलिश? हात जोडतो, नको.

१९१६ ते १९२८ च्या धामधुमीत युन्नान, सेचुआनच्या लष्करशहांच्या फौजा अफूच्या करावर पोसल्या जात. काही ठिकाणी अफू न पेरणाऱ्या शेतकऱ्याकडून चक्क 'आळशीपणाचा कर' वसूल व्हायचा! माल यांगत्से नदीने हानकौ बंदरामार्गे शांघायला पोचे. तिथल्या फ्रेंच वसाहतीत डू युएशेंग या गुंडांच्या म्होरक्याच्या टोळीला हप्ता दिल्याशिवाय पेटी हलत नसे. त्याआधी कित्येक दशकं माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, हेही आपण सोयीस्कर विसरतो.