रशियनला मराठीतून भिडले, तेव्हा जमलं

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियन भाषेच्या उन्हाळी वर्गात सकाळी व्याकरण आणि दुपारनंतर शहर, असा दिवस असायचा. जूनमध्ये तिथे धड रात्र होतच नाही. सूर्य साडेदहाच्या सुमारास मावळतो, पण उजेड रेंगाळतच राहतो. त्यामुळे वर्ग सुटल्यावर भटकायला भरपूर वेळ मिळायचा.

३३ अक्षरं मी पुण्यातच गिरवून गेले होते. तिथल्या चाचणीनंतर मला प्राथमिक गट मिळाला. पुस्तकातले खुलासे इंग्रजीत होते आणि लिंग-विभक्ती आल्या की वर्गातले बरेच जण अडायचे. मी इंग्रजी सरळ बाजूला ठेवलं. रशियनमध्ये तीन लिंगं, आपल्यातही तीन. भूतकाळात क्रियापद लिंगानुसार बदलतं, तेही आपल्यासारखंच. 'म्न्ये न्रावित्स्या' म्हणजे 'मला आवडतं', 'म्न्ये खोलद्ना' म्हणजे 'मला थंडी वाजते', 'उ मिन्या येस्त' म्हणजे 'माझ्याकडे आहे'. वाक्याची बांधणीच ओळखीची! मराठी माणसाने रशियन शिकताना हा फायदा सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

खरी कसोटी लागली ती 'जाणे' या एका क्रियेपाशी. पायी जाणं वेगळं, गाडीने जाणं वेगळं. त्यातही एका दिशेने निघणं वेगळं आणि नेहमी जाऊन येणं वेगळं. बाईंनी टेबलावर दोन कप ठेवले. एक घर, दुसरा शाळा. पेन्सिल एका कपाकडून दुसऱ्याकडे सरकवली की 'इद्ती'. तीच परत आणली, पुन्हा नेली, पुन्हा आणली की 'खदीत'. मग आम्हा प्रत्येकाला पेन्सिल हातात घेऊन बोलायला लावलं. नंतर मी मेट्रोत बसले की समोरचे लोक कुठे, कसे चाललेत याची वाक्यं मनात जुळवायचे.

बाईंना हाक मारायची ती नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं नाव जोडून. रशियन कवी पुश्किन हे अलेक्सांद्र सेर्गेयेविच, कारण वडील सेर्गेई. आपल्याकडेही मधलं नाव वडिलांचंच, त्यामुळे मला ही पद्धत लगेच आपलीशी वाटली.

जेवण स्तलोवायात, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीत. ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं आणि हवं ते रशियनमध्येच मागायचं. अक्रोश्का हे थंड सूप मला फार आवडलं: आंबूस क्वासमध्ये, म्हणजे पावापासून आंबवलेल्या पेयात, काकडी, मुळा, उकडलेला बटाटा, अंडं आणि वर शेपू. त्यात चमचाभर स्मिताना, म्हणजे आंबट साय, घालायलाच हवी.

शेवटी शेवटी आम्ही मोइका नदीकाठच्या १२ नंबरच्या घरी गेलो. द्वंद्वयुद्धात जखमी झालेल्या पुश्किन यांना याच घरी आणलं होतं आणि १८३७ मध्ये इथेच त्यांनी प्राण सोडला. माहिती सांगणाऱ्या बाई रशियनमध्येच बोलत होत्या. सगळं कळलं असं नाही, पण पुश्किन स्लेजमधून निघाले तिथे त्यांनी वापरलेलं 'पयेखल' कानावर पडताच कळलं: वाहनाने, एका दिशेने.