नीट दाबलंय का?

कॅबिनेटवरचं बटण कॉम्प्युटर चालू करत नाही. ते नुसता अर्ज करतं. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही कॉम्प्युटरच्या आतल्या जोडणीची रचना आणली. त्याआधीचं बटण खरोखरीचं बटण होतं. भिंतीतली वीज जाड वायरने थेट त्याच्या पाठीशी यायची आणि 'खट्' झालं की जे व्हायचं ते होऊन जायचं. आताचं बटण दोन बारीक पिना क्षणभर एकमेकींना जोडतं, बास. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, तो अर्ज वाचतो आणि हिरव्या वायरवरून एसएमपीएसकडे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, पाठवतो. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट सोडतो, ते स्थिरावले की राखाडी वायरवरून 'सगळं ठीक' असा उलट निरोप धाडतो, आणि तेव्हा कुठे प्रोसेसर जागा होतो.

म्हणून सुटे भाग आणून घरीच जोडलेला कॉम्प्युटर 'चालूच होत नाहीये' असं कुणी म्हटलं, की त्यातून काहीच कळत नाही. त्या अर्जाची फाइल अडकली कुठल्या टेबलावर, ते सांगा. एकदम सामसूम आहे? की फॅन एक गिरकी घेऊन थांबतो? की फॅन फिरतात, दिवे लागतात, सगळी रोषणाई होते आणि मॉनिटर तेवढा काळा? मुंबईच्या कॉम्प्युटर-बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, या शेवटच्या प्रकाराला 'डिस्प्ले येत नाही' म्हणतात. घरगुती जोडणीत तोच सगळ्यात जास्त भेटतो. बायोसपर्यंत, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅमपर्यंत, येऊन विंडोज उघडत नसेल, तर तो आजार वेगळा. तिथे स्क्रू ड्रायव्हर ठेवून दिला तरी चालेल.

सामसूम असेल तर आधी लाज वाटण्यासारख्या गोष्टी पाहाव्यात. भिंतीवरचा स्विच. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच, ज्यावर एक रेघ आणि एक शून्य असतं. रेघ म्हणजे चालू. कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएस जांभळ्या वायरीतून पाच व्होल्ट देतच असतो, नाहीतर अर्ज वाचणार कोण? बऱ्याच मदरबोर्डांवर त्या पाच व्होल्टांवर एक दिवा मिणमिणतो. तो लागलाय आणि बटण दाबून काही होत नाही, तर बटणाच्याच वायरीवर संशय घ्यावा. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात नऊ-दहा पिनांचा पुंजका असतो. त्यावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, आणि कॅबिनेटच्या पोटात टॉर्च धरून ती वाचायची. पॉवर स्विचच्या दोन पिना शोधून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. कॉम्प्युटर सुरू झाला तर बोर्ड निर्दोष. वायर चुकीच्या पिनांवर आहे किंवा बटण मेलंय. स्विचच्या वायरीला उलटसुलट नसतं, दिव्यांच्या वायरींना असतं. दिवा लागला नाही म्हणून कॉम्प्युटर बिघडला असं मात्र समजू नये.

दिवाही नाही, तर एसएमपीएस तपासायचा. वीज बंद करून २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढावा, कागदाची क्लिप वाकवून हिरव्या वायरीचं भोक शेजारच्या कुठल्याही काळ्याला जोडावं आणि मग स्विच लावावा. सगळ्याच वायरी काळ्या असतील, हल्ली असतात, तर मॅन्युअलमधल्या चित्रावरून १६ क्रमांकाची पिन शोधावी. फॅन फिरला तर एसएमपीएस श्वास घेतोय एवढंच सिद्ध होतं. प्रकृती सांगतो तो मल्टिमीटर: बाराच्या जागी ११.४ ते १२.६, पाचाच्या जागी ४.७५ ते ५.२५. फॅन फिरला नाही तरी लगेच सुतक धरू नये, कारण काही चांगल्या एसएमपीएसचे फॅन भार वाढेपर्यंत मुद्दामच स्वस्थ बसतात. एसएमपीएस उघडायचा मात्र नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ तिथेच मुक्काम करतात.

माझं मत विचाराल, तर घरी जोडलेल्या नव्या कॉम्प्युटरमध्ये बिघडलेला भाग कमीच सापडतो. सापडतो तो भीत भीत बसवलेला भाग. पैसे मोजून आणलेल्या वस्तूवर जोर लावायला आपलं मन धजत नाही. देवघरातली मूर्ती ठेवावी तशी आपण रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, ठेवतो. रॅमला हे चालत नाही. तिचा स्लॉट दोन्ही अंगठ्यांचा दाब मागतो, बोर्ड किंचित वाकतो, पोटात गोळा येतो आणि मग 'कट्' असा आवाज होतो. हल्लीच्या अनेक बोर्डांत एकाच बाजूला खिट्टी असते. खिट्टीची बाजू बसते आणि दुसरी बाजू कागदाच्या जाडीएवढी वर राहते. वरून बघितलं तर सगळं छान, आडवी नजर लावली तरच दिसतं. २४ पिनांच्या कनेक्टरचंही तेच: क्लिप अडकली नाही तर तो अर्धाच आत असतो, आणि त्या अर्ध्यावर कॉम्प्युटर कधी चालतो, कधी नाही. असा कधीमधी चालणारा बिघाड हा सगळ्यात छळवादी.

चार स्लॉट आणि दोन रॅम असतील तर बहुतेक बोर्डांना प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट हवा असतो. अडचण आली की एकच रॅम ठेवावी, दुसऱ्या स्लॉटमध्ये, आणि तिने नाही तर तिच्या जोडीदाराने करून बघावं. खोडरबराने रॅमचे सोनेरी दात घासण्याची आपल्याकडची जुनी विद्या खोटी नाही. वापरलेल्या रॅमवर, विशेषतः कोकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत, संपर्कावर थर चढतो आणि मऊ पांढऱ्या रबराने तो निघतोही. फक्त रबराचा चुरा स्लॉटबाहेरच झटकावा. नव्याकोऱ्या रॅमला मात्र खोडरबर नको, अंगठा हवा.

दुसरी विसरलेली गोष्ट बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, कूलरच्या आडोशाला दडलेली असते: प्रोसेसरला वीज देणारा आठ पिनांचा कनेक्टर. तो लावला नाही तरी फॅन फिरतात, दिवे लागतात. फक्त प्रोसेसर उपाशी असतो. त्याची वायर चार-चार अशी दुभंगते, ग्राफिक्स कार्डाची सहा आणि दोन अशी. दोन्ही आठच पिनांच्या असल्या तरी १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा एकमेकींच्या उलट आहेत. भोकांचे आकार थोडे वेगळे ठेवलेत ते याचसाठी. जाईना म्हणून रेटलं तर धूरच निघायचा. अंगठ्याचा जोर कुठे लावायचा आणि कुठे नाही, ही अक्कल इथे लागते. सुट्या होणाऱ्या वायरींचा एसएमपीएस असेल तर जुन्या, दुसऱ्या बनावटीच्या एसएमपीएसच्या वायरी त्यात कधीच वापरू नयेत. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं, एसएमपीएसकडचं प्रत्येकाचं आपापलं.

आणि प्रोसेसर? त्याला बोटभरही जोर नको. एएम-४ या जुन्या बैठकीच्या (म्हणजे बोर्डावरच्या सॉकेटच्या) रायझनला, एएमडीच्या प्रोसेसरला, स्वतःच्या पोटाखाली १३३१ पिना असतात. इंटेलच्या एलजीए-१७०० या बैठकीत १७०० पिना उलट बोर्डावर असतात. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून सोडून द्यायचं, तो आपल्या वजनाने बसतो. एखादी पिन वाकली तर कॉम्प्युटर पूर्ण मरतोच असं नाही. अनेकदा रॅमचे दोन स्लॉट तेवढे दिसेनासे होतात आणि माणूस आठवडाभर रॅमला शिव्या घालतो. गंमत म्हणजे इंटेलच्या बैठकीची तार खाली दाबताना जो 'कर्रर्र' आवाज येतो, तो ऐकून नवख्याचा जीव जातो. तो आवाज बरोबर असतो.

डिस्प्ले नसेल तर मॉनिटरची वायर कुठे लावली आहे ते बघावं. ग्राफिक्स कार्ड लावून केबल मदरबोर्डाच्या भोकात खुपसणं ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिला चूक म्हणवत नाही. काही प्रोसेसरांना स्वतःचं चित्र काढताच येत नाही: इंटेलच्या ज्या नावापुढे 'एफ' असतं ते, किंवा रायझन ५ ५६००. त्याच्याच भावाला, ५६००जी-ला, येतं. ५६०० असेल तर बोर्डावरचं एचडीएमआयचं भोक नुसती नक्षी.

बोर्ड स्वतःही सांगत असतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून एक छोटी 'टूं' म्हणजे सगळं आलबेल. आता स्पीकर सोबत येतोच असं नाही, आणि कुठल्या टूंटूंचा काय अर्थ ते बायोसगणिक बदलतं. त्याऐवजी अनेक बोर्डांच्या कडेला चार इवले दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. जो लागून राहील, ते टेबल. मात्र डीडीआर-५ रॅमच्या बाबतीत घाई करू नये. नव्या बोर्डावर पहिल्यांदा रॅमशी सूर जुळवताना कित्येक मिनिटं जातात, डीरॅमचा दिवा पेटलेला, पडदा काळा. इथे घाबरून वीज काढली की जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं घड्याळ लावून स्वयंपाकघरात जावं, हाच उपाय.

सीपीयूचाच दिवा हटत नसेल तर बायोसचं वय बघायचं. रायझनसाठीचे बी-४५० चे बोर्ड २०१८ मधले, रायझन ५००० चे प्रोसेसर २०२० च्या अखेरचे. दुकानाच्या फळीवर पडून राहिलेल्या जुन्या बोर्डाला हा पाहुणा ओळखूच येत नाही. मागे बायोस फ्लॅशबॅकचं, म्हणजे बायोस नवं करायचं, बटण असेल तर नशीब: एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह, मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने फाइल, आणि विजेच्या फक्त दोन वायरी, २४ आणि आठ पिनांच्या. दिवा लुकलुकतो, काही मिनिटांनी थांबतो. तेवढ्यात लाइट गेली तर पंचाईत, म्हणून हे काम यूपीएसवर करावं. बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवल्यावर कॉम्प्युटर रुसला असेल, तर प्लग काढून सीआर-२०३२ ची गोल बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवली की तो सगळं विसरतो.

कशानेच जमलं नाही तर सगळं बाहेर काढायचं. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा, चंदेरी पिशवीवर नको. ती बाहेरून वीज वाहू शकते. बोर्ड, प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस, आणि गरज असेल तरच ग्राफिक्स कार्ड. चालला, की एकेक भाग वाढवत जावा. दोन एकदम लावले की पुन्हा अंधार. खोक्यावर चालतो आणि कॅबिनेटमध्ये चालत नाही, तर गुन्हेगार बहुधा पितळेचा असतो: बोर्डाला भोक नाही अशा जागी राहिलेला एक जादा स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यावर टेकतो तसला छोटा खुंटा. तो पाठीमागून बोर्डाला शॉर्ट करतो, एसएमपीएस जीव वाचवायला लगेच बंद होतो, आणि फॅन एक गिरकी घेऊन थांबतो. अशा वेळी मागचा स्विच मिनिटभर बंद ठेवल्याशिवाय तो पुन्हा ऐकत नाही.

जाता जाता: उघड्या कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर तो भाग खराब नाही, घराचं अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे दोन कपॅसिटर पत्र्याला ११५ व्होल्टांच्या आसपास तरंगत ठेवतात. प्रवाह अगदी थोडा, पण टेस्टरचा दिवा लागतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक अनेकदा नुसतं शोभेचं असतं. इलेक्ट्रिशियनला बोलवावं, आणि तोवर चालू कॉम्प्युटरला मॉनिटरची वायर लावू-काढू नये.

आणि सगळं चालू झाल्यावर, पडद्यावर बायोस झळकल्यावर, बाजूचं झाकण लगेच कसू नये. झाकण सरकवताना मागे कोंबलेल्या वायरी फुगतात आणि बटणाची ती दोन पिनांची वायर अलगद निसटते. दोन स्क्रू चार दिवस वाटीत पडले तर काही बिघडत नाही.