‘पोचलो’ म्हणजे नेमकं कुठे?

गेल्या पावसाळ्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला. पंपाच्या केसिंगला ८.५ मिलिमीटरची भोकं पाडणारं एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेलं मशीन; टेबल सर्व्होवर, म्हणजे नेमक्या जागी नेऊन थांबवणाऱ्या मोटरवर. ड्रिल तुटत होते, रोज दोन-तीन. ड्रिलची कंपनी बदलून झाली, कास्टिंग कडक आलंय का तेही तपासून झालं. शेवटी सगळं ऑपरेटरवर ढकललं होतं.

ऑपरेटर पन्नाशीचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, टेबल थांबायच्या आधीच ड्रिल उतरतंय बघा. कानाला कळतंय मला.”

मी पॅनेल उघडायच्या आधी दहा मिनिटं मशीनजवळ नुसता उभा राहिलो. मामांचं खरं होतं.

टेबल जागेवर आलं की ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हो मोटर चालवणारा कंट्रोलर, एक आउटपुट चालू करतो, ‘इन-पोझिशन’. तो बघून पीएलसी, म्हणजे मशीनच्या कामांचा क्रम सांभाळणारा छोटा संगणक, ड्रिल खाली सोडतो. पण ‘जागेवर’ कशाला म्हणायचं हे ड्राइव्हला आपणच सांगायचं असतं. जायचं ठिकाण आणि एनकोडरने (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरने) सांगितलेली जागा यांतला फरक ठरवलेल्या आकड्याच्या आत आला की सिग्नल चालू. तो आकडा पॅरामीटरमध्ये होता १००. जुन्या ड्राइव्हच्या डायरीतही १००च. मग बिघडलं कुठे?

चार महिन्यांपूर्वी ड्राइव्ह जळाला होता, नवा बसवताना डायरीतले आकडे जसेच्या तसे भरले गेले. जुन्यात हे १०० एनकोडरचे पल्स होते. एका फेऱ्यात १,३१,०७२ पल्स, बॉलस्क्रूचा लीड, म्हणजे एका फेऱ्यात टेबल सरकतं ते अंतर, १० मिलिमीटर. म्हणजे १०० पल्स जेमतेम पावणेआठ मायक्रॉन. नव्यात तेच १०० कमांडचे, म्हणजे टेबल किती हलवायचं ते ड्राइव्हला सांगणारे, पल्स धरले जात होते आणि तिथे एक पल्स म्हणजे एक मायक्रॉन. शंभर मायक्रॉन बाकी असतानाच ड्राइव्ह ‘पोचलो’ म्हणत होता. टेबल जड, गेन (राहिलेला फरक भरून काढण्याचा जोर) कमी ठेवलेला, त्यामुळे शेवटचं तेवढं अंतर ते रेंगाळत कापायचं. ड्रिलचं टोक जॉबपासून दोनच मिलिमीटर वर. ते टेकायचं तेव्हा टेबल अजून सरकतंच असायचं. कार्बाइडचा ड्रिल बाजूचा दाब कुठला सहन करायला?

आकडा ५ केला तर सिग्नल लुकलुकायला लागला. १० वर स्थिर राहिला. शिवाय पीएलसीत २० मिलिसेकंदांचा टायमर घातला: सिग्नल सलग तेवढा वेळ चालू असेल तरच ड्रिल खाली. प्रोग्रॅममध्ये आणखी एक चूक होती, स्टार्ट दिल्याबरोबर मागच्या हालचालीचाच ‘पोचलो’ वाचला जाण्याची शक्यता होती. आधी तो बंद झालेला बघायचा, मगच नव्याची वाट, असं करून टाकलं.

निघता निघता अलार्मचं आउटपुट तपासलं आणि मला खरंच राग आला. हा सिग्नल सगळं ठीक असताना चालू आणि बिघाड झाला की बंद असा ठेवायचा असतो, कारण वायर तुटली तरी मशीन थांबलं पाहिजे. इथे कुणीतरी तो उलटा केला होता. म्हणजे वायर सुटली तर ड्राइव्ह अलार्ममध्ये असूनही पीएलसीला सगळं आलबेलच दिसणार, आणि मशीनसमोर माणूस उभा. तो सरळ केला, वायर काढून मशीन थांबतंय हे मामांच्या समोर दोनदा दाखवलं.

मग सुपरवायझरना बोलावलं आणि मामांचा काही दोष नव्हता हे त्यांच्यासमोरच सांगितलं. पॅनेलच्या दाराला आतून स्टिकर लावला: ‘इन-पोझिशन १०, कमांड पल्स, म्हणजे ०.०१ मिमी’. डायरीतल्या जुन्या १०० पुढेही एकक लिहून आलो.