सरांचं ‘गेट’

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याच्या समितीने पत्रात ‘शाळेविषयी लिहा’ असं म्हटलंय. मी इंग्रजीच्या सरांविषयी लिहिणार आहे, समितीने सांभाळून घ्यावं. सरांचं नाव गंगाखेडात कुणाला सांगायची गरज नाही. बंद गळ्याचा कोट आणि दोन्ही खिशांत खडूचे तुकडे म्हटलं की पुरे.

आमच्या वेळी एबीसीडी पाचवीला सुरू व्हायची. पहिलीपासूनचं इंग्रजी २००० साली आलं, आम्ही त्याच्या बऱ्याच आधीचे. शब्दावर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहायचा आणि क्रियापदाची तीन रूपं ओरडून पाठ करायची, एवढंच आम्हाला ठाऊक. गो-वेन्ट-गॉन, गेट-गॉट-गॉट. अर्थ विचारला तर गाईडात एकच दिलेला : ‘मिळणे’.

आठवीतली गोष्ट. रुळांपलीकडच्या गावातून चालत येणारा आमचा एक मित्र पहिल्या तासाला उशिरा आला. (तो आज व्यासपीठावर बसणार आहे, म्हणून नाव लिहीत नाही.) सरांनी कारण विचारलं. तो म्हणाला, “सर, गेट लागलं होतं.” आधीच्याच इंग्रजीच्या तासाला गेट-गॉट-गॉट झालेलं, त्यामुळे वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. फळ्यावर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. “हे ए वालं रेल्वेचं. पडतं आणि उघडतं, दुसरं काम नाही. हे ई वालं काय काय करतं ते बघू. पण आधी हा ‘लागलं’ म्हणाला ना, ते सांगा. काय काय लागतं?”

मग जो कल्ला झाला! भूक लागते, ठेच लागते, ऊन लागतं, डोळा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते. कुणीतरी म्हणालं, गाडी लागते. सर म्हणाले, “म्हणजे?” पुढच्या बाकावरून आलं, “फलाटाला परभणी गाडी लागली.” मागच्या बाकावरून आलं, “सर, घाटात उलटी होते ती.”

“हे कुणी पाठ करून घेतलं का तुमच्याकडून? शेजारी कोण बसलंय ते बघून कळतं तुम्हाला. मग गेटचाच एक अर्थ कशाला घोकायलास रे?”

सर स्वतः निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकायला लागलेले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठीत आले आणि इंग्रजी तर जवळजवळ आपल्या हिमतीवर शिकले. तीन भाषांची दारं ओलांडलेला माणूस तो. शब्द कुठे अडतो हे त्यांना आतून ठाऊक होतं.

त्या दिवशी त्यांनी फळ्याचे उभे भाग पाडले आणि ‘गेट’च्या शेजारी काय येतं ते बघायला लावलं. नाम आलं, तर मिळणे किंवा आणणे : ‘गेट अ लेटर’, ‘गेट मी सम चॉक’. विशेषण आलं, तर होणे : ‘गेट अँग्री’, ‘गेट वेट’. ‘टू’ आणि ठिकाण आलं, तर पोहोचणे : ‘गेट टू परभणी’. मात्र ‘होम’ आणि ‘देअर’च्या आधी तो ‘टू’ गळतो, ‘गेट होम’. गाडीत चढायचं तर एस.टी.ला ‘गेट ऑन’ आणि जीपला ‘गेट इन’, कारण एस.टी.त उभं राहून चालता येतं, जीपमध्ये नाही. “आणि काळी-पिवळीला मागं लटकलात तर?” असं एकाने विचारलं. सर म्हणाले, “तर व्याकरण नंतर, आधी घट्ट धर.”

सर्वांत जास्त वेळ त्यांनी सायकलीला दिला. आम्ही सगळे ‘आय रिपेअर्ड माय सायकल’ म्हणायचो. सर म्हणायचे, पंक्चर तू काढलंस की दुकानदाराने? दुकानदाराने काढलं असेल तर ‘आय गॉट माय सायकल रिपेअर्ड’. केस न्हाव्याकडून कापून घेतले तर ‘आय गॉट माय हेअर कट’. आपल्या मराठीत ‘करून घेतलं’ हे ‘घेतलं’ वेगळं असतं, इंग्रजीत ते काम गेट करतो आणि क्रियापदाचं तिसरं रूप शेवटी जाऊन बसतं. तिसरं रूप कशाला पाठ करायचं असतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. ‘आय हॅव गॉट अ पेन’ म्हणजे पेन मिळालं असं नव्हे, पेन आहे, हेही त्याच तासाला. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. पुढचा तास गणिताचा होता, तोही सरांनीच खाल्ला. गणिताचे सर दारात उभे राहून ऐकत होते.

अर्जात मात्र ‘गेट’ लिहिलेलं त्यांना खपायचं नाही. ‘आय गॉट युवर लेटर’ मित्राला, हेडमास्तरांना ‘रिसीव्ह्ड’.

मी आज वाळूजला एका कारखान्यात निर्यातीचं काम बघतो. परदेशी ग्राहक फोनवर ‘वुई विल गेट बॅक टू यू’, म्हणजे ‘नंतर कळवतो’, म्हणतात तेव्हा आमची नवी मुलं माल परत येणार म्हणून दचकतात. मी त्यांना खुर्चीवर बसवून फळा मांडतो. उगाच मोठेपणा नाही सांगत, पण मागच्या वर्षी त्यातल्या दोघांनी जर्मन गिऱ्हाइकाशी एकट्याने बोलणी केली.

परवा शाळेत येऊन गेलो. कडुनिंब तोडून तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेत, वर्गात स्क्रीन आहे, मुलं सेमी-इंग्रजीची. एकाला विचारलं, ‘गेट’चा अर्थ काय? लगेच म्हणाला, ‘मिळणे’. गाईड अजून तेच आहे की काय!

एक विनंती. सर नंतर प्रत्येक अशा क्रियापदाचं स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल पान वाटायचे. माझ्याकडे ‘गेट’ आणि ‘टेक’ची पानं आहेत, ‘पुट’ आणि ‘रन’ची नाहीत. कुणाच्या ट्रंकेत असतील तर समितीकडे द्या, झेरॉक्सचा खर्च माझा.