आमची वाटचाल : पॅनेलपासून नॉर्मल तापमानाच्या नोंदवहीपर्यंत

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतील फाउंड्र्या, आसपासचे साखर कारखाने आणि सूतगिरण्या यांच्या विद्युत पॅनेलची थर्मल तपासणी, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने तापलेले भाग शोधणे, एवढेच आमच्या फर्मचे सुरुवातीचे काम होते. सैल झालेला लग (वायरच्या टोकाचा जोड) किंवा एकाच फेजवर वाढलेला भार कॅमेऱ्यात कसा दिसतो, हे या धंद्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. माझ्या भागीदार ताई हिशेबात पक्क्या आणि मी इन्स्ट्रुमेंटेशनची. दोघींनी बँकेचे कर्ज काढून पहिला कॅमेरा घेतला. बायका पॅनेल उघडणार का, असे विचारणाऱ्यांनीच पुढे आमच्याशी वार्षिक करार केले, हे येथे अभिमानाने नोंदवते.

या कामाला वेगळे वळण दिले ते मिरजेच्या एका सर्जन डॉक्टरबाईंनी. आपल्याला कॅमेऱ्याने कॅन्सर शोधायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले. निरोगी स्त्रीच्या स्तनाच्या त्वचेचे तापमान किती असते, ते पाळीच्या कोणत्या दिवशी किती बदलते आणि डाव्या-उजव्या बाजूंत किती फरक असू शकतो, याची आपल्या भागातील स्त्रियांची पद्धतशीर नोंद त्यांना हवी होती. रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आणि प्रत्येक स्त्रीची लेखी संमती घेतल्याशिवाय त्यांनी एकही चित्र काढू दिले नाही. पैसे त्या वेळेवर देत, आणि चित्र मनासारखे नसेल तर तितक्याच वेळेवर परत पाठवत. असे गिऱ्हाईक प्रत्येक छोट्या फर्मला एक तरी मिळावे.

पॅनेलच्या कामात दहा-वीस अंशांचा फरक शोधायचा असतो. येथे अर्ध्या अंशाचा प्रश्न होता. आमच्या कॅमेऱ्याची संवेदनशीलता ०.०५ अंशाची असली, तरी प्रत्यक्ष तापमान सांगण्यात तो कोणत्याही बाजूला २ अंशांनी चुकू शकतो, असे उत्पादकाच्याच पत्रकात छापलेले होते. म्हणून आम्ही आधी ब्लॅकबॉडी घेतली. ठरावीक तापमानाला स्थिर राहणारा तो काळा पृष्ठभाग प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात ठेवला की कॅमेरा किती सरकला आहे ते लगेच कळते. त्वचेची उत्सर्जकता (उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकण्याची क्षमता) ०.९८ च्या आसपास असल्याने, तांब्याच्या बसबारवर (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या चकचकीत पट्टीवर) टेप चिकटवून मोजण्याची आमची जुनी कसरत येथे लागत नव्हती. पण खोली मात्र सांभाळावी लागे. तापमान २२ अंश, एसीचा झोत अंगावर येणार नाही अशी मांडणी, खिडक्यांना जाड पडदे, कॅमेरा आधीपासून चालू ठेवलेला, आणि स्त्रीने कमरेपर्यंत उघड्या अंगाने पंधरा मिनिटे शांत बसायचे. पावडर, तेल, डिओडरंट चालणार नाही. चहा पिऊन किंवा उन्हातून थेट आलेलीही चालणार नाही. ताई स्वतः दाराशी बसत, आणि आमच्या खोलीत पुरुषाने कधीही पाऊल ठेवले नाही.

त्या नोंदींतून जे दिसले ते जाणकारांच्या लिखाणाशी जुळणारेच होते. दोन्ही बाजूंचे नकाशे बहुतांशी सारखे असतात आणि सरासरीतला फरक सहसा अर्ध्या अंशाच्या आत राहतो. स्तनाखालची घडी उबदार असते, तर स्तनाग्राचा भाग तुलनेने थंड. पाळीच्या उत्तरार्धात तापमान चढते; गरोदरपणात आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत ते आणखी वाढते. शिरांची नक्षी प्रत्येक स्त्रीची वेगळी असते, त्यामुळे एखादी उबदार रेघ दिसली म्हणजे काही बिघडले असे होत नाही.

नेमके याच ठिकाणी एका कंपनीने बाजार मांडला. बाहेरच्या शहरातून आलेल्या या मंडळींनी सातारा, कऱ्हाड, सांगलीत मंगल कार्यालये घेऊन ‘वेदनारहित कॅन्सर तपासणी’ची शिबिरे लावली. त्यांचा कॅमेरा आमच्यापेक्षा महाग होता, पण ब्लॅकबॉडी नव्हती, खोलीत पंखे फिरत होते आणि तापमानाची पट्टी ऑटोवर होती. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा समोर दिसेल तेवढ्याच तापमानात सगळे रंग ताणून बसवतो. त्यामुळे निरोगी स्त्रीच्या अंगावरही कुठेतरी लालभडक डाग उमटतोच. तो कागद हातात घेऊन रडत आलेल्या बायका डॉक्टरबाईंच्या बाह्यरुग्ण विभागात मी पाहिल्या आहेत. त्याहून वाईट म्हणजे, चित्र निळे आले म्हणून हाताला लागणारी गाठ घेऊन घरी बसलेल्याही पाहिल्या.

माँट्रियलच्या रे लॉसन यांनी कॅन्सरवरील त्वचा उष्ण असल्याचे १९५६ मध्ये मांडले, हे खरे. परंतु १९७० च्या दशकातील अमेरिकेच्या मोठ्या तपासणी प्रकल्पातून थर्मोग्राफी, म्हणजे अशा उष्णतेच्या चित्रांवरून करायची तपासणी, वगळण्यात आली, कारण तिच्यातून गाठी सुटत होत्या. ती मॅमोग्राफीला (स्तनांच्या एक्स-रे तपासणीला) पर्याय नाही, हा इशारा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्येही दिला. हे सगळे आम्ही प्रत्येक ठिकाणी सांगत राहिलो. त्याचा परिणाम असा झाला की शिबिरे भरवू इच्छिणारी मंडळे आमच्याकडून उठून त्या कंपनीकडे गेली, वर्तमानपत्रांत तिच्या लोकांचे फोटो आले, आणि ‘तुम्हाला धंदा करता येत नाही’ असे आमच्या नातेवाइकांनीही ऐकवले. त्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, कृष्णेचे पाणी सांगलीच्या गणपती पेठेतील आमच्या खोलीत शिरले. कॅमेरा आणि हार्ड डिस्क ताईंनी आदल्या रात्री विश्रामबागला हलवल्या होत्या. एसी, फर्निचर आणि ब्लॅकबॉडी गेली. हप्ते थकले. ताईंनी दागिने गहाण ठेवले आणि डॉक्टरबाईंनी पुढच्या कामाचे पैसे आगाऊ दिले, म्हणून फर्म उरली.

त्यानंतरची वर्षे पॅनेलच्या करारांवर आणि मिरजेच्या नोंदींवर नीट चालली आहेत.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी विचारलेले नसले तरी सांगते. पिक्सेल मोजत कॅमेरा घेण्याआधी ब्लॅकबॉडी आणि चांगला एसी घ्या. पट्टीची वरची-खालची मर्यादा कायम ठेवा आणि करड्या छटांत पाहायची सवय लावा. रंगीत फोटो नव्हे, प्रत्येक बिंदूचे तापमान असलेली मूळ फाइल जपा. कॅमेऱ्यामागे स्त्रीच बसवा. गाठ, स्राव किंवा त्वचेला खळी असेल तर चित्र काढण्यात वेळ न घालवता त्या बाईला त्याच दिवशी सर्जनकडे पाठवा, आणि निरोगी स्त्रीलाही आमचा कागद म्हणजे निर्वाळा नव्हे हे तोंडी आणि लेखी दोन्ही सांगा.

ती कंपनी आता या भागात दिसत नाही, पण तिने वाटलेले लाल कागद अजून घराघरांत आहेत आणि ते चुकीचे कसे, हे समजावण्याचे काम आजही आमच्या माथी येते. त्याचे पैसे आम्ही घेत नाही. आमची नवी ब्लॅकबॉडी दरवर्षी कॅलिब्रेशनला (अचूकता पडताळून घ्यायला) जाते. तिची प्रमाणपत्रे विश्रामबागच्या कार्यालयात भिंतीवर लावलेली आहेत, ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन तपासावीत.