हात पाहणारे

शनिवार, रात्री

आज दुपारी सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाच्या टोनी ग्विन मैदानावर बेसबॉलचा सामना पाहिला. जागा मिळाली ती थेट फलंदाजाच्या मागे, जाळीलगत, आणि पुढच्याच ओळीत व्यावसायिक संघांचे स्काउट, म्हणजे नवे खेळाडू पारखणारे, बसले होते. त्यामुळे निम्मा सामना त्यांच्याकडे पाहण्यातच गेला. पाहुण्या संघाच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, डावा पाय उचलला की वेग मोजणाऱ्या पाच-सहा रडार गन एकदम वर येत आणि चेंडू कॅचरच्या हातमोज्यात आपटला की एकदम खाली जात. कडेच्या एका वृद्ध गृहस्थांनी मात्र गन पायाशी ठेवली होती. पिचरचा पुढचा पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी त्याचे कोपर कोठे असते, याकडेच त्यांची नजर लागलेली असावी. आपल्याकडे हात पाहतात ते ज्योतिषी. यांचे कामही फारसे वेगळे नाही.

स्टीफन स्ट्रासबर्ग हा नामवंत पिचर याच विद्यापीठात घडला. 2006 साली शाळा संपवून तो निघाला तेव्हा ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीच्या, 50 फेऱ्यांत 30 पैकी एकाही संघाने त्याचे नाव घेतले नाही. अंगाने स्थूल आणि दमाने कच्चा, असा तो मुलगा होता. मैदानाला ज्यांचे नाव आहे त्या प्रशिक्षक ग्विन यांच्या हाताखाली तीन वर्षे काढल्यावर, 2009 च्या हंगामात, त्याने 109 इनिंगमध्ये 195 फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू मारू न देताच बाद केले, आणि वॉशिंग्टन नॅशनल्स या संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडून 1 कोटी 51 लाख डॉलरचा करार दिला. त्याचा चेंडू ताशी 100 मैलांचा वेग गाठी, म्हणजे 161 किलोमीटर. शोएब अख्तरने 2003 च्या विश्वचषकात हा वेग गाठला खरा, परंतु लांबलचक धावत येऊन. पिचर जागेवर उभा राहून तेवढाच वेग काढतो आणि त्याचा शेवटचा हिसका सोसते ते कोपर.

स्काउटांच्या 20 ते 80 च्या मोजपट्टीवर वेगाला गुण असतात, वळणाऱ्या चेंडूला, म्हणजे कर्व्हबॉलला, असतात, नियंत्रणालाही असतात. कोपरातल्या अस्थिबंधाला मात्र रकाना नाही. जून 2010 मधील पदार्पणात 14 स्ट्राइकआउट घेणाऱ्या स्ट्रासबर्गचा तो अस्थिबंध तीन महिन्यांच्या आत निकामी झाला आणि त्या जागी दुसरा स्नायुबंध बसवावा लागला. 2019 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, पाठोपाठ 24 कोटी 50 लाख डॉलरचा करार झाला, आणि त्यानंतर तो अवघे आठ सामने खेळू शकला.

यात स्काउट चुकले असे मला वाटत नाही. त्यांची चूक झाली ती 2006 साली, कारण 2009 चा वेग तर माझ्यासारख्या क्रिकेटवाल्यालाही दिसला असता. पारखीचा कस लागतो तो सुटलेल्या पोटाआडचा खांदा ओळखताना.

आजच्या मुलाचा वेग सातव्या इनिंगमध्ये ताशी 97 मैलांवरून 92 वर आला, तेव्हा बहुतेक स्काउट गन पिशवीत घालून उठले. वृद्ध गृहस्थ बसून राहिले. मुलाने मैदानाकडे तोंड करून, कोणी पाहत नाही अशा समजुतीने, उजवा हात दोनदा झटकला. आणि तोपर्यंत कोरी असलेल्या वहीत त्यांनी पहिली ओळ लिहिली.